अंगदचा गुडघा

ऊस तोडीला आला आणि टोळी आली नाही. मुकादम आधी फोन उचलत नव्हता, मग फोन बंद लागायला लागला, आणि मग तो माणसं घेऊन कर्नाटकात गेल्याचं त्याच्याच मेव्हण्यानं सांगितलं. कारखान्याची तारीख तर येऊन पडलेली. सुंदररावांनी संध्याकाळी ओसरीवर बसून जाहीर केलं की यंदा ऊस घरच्यांनीच तोडायचा, असं सर्वानुमते ठरलं आहे. सुंदरराव एकदा सरपंच होते. तेव्हापासून घरातलं सगळं सर्वानुमते ठरायचं. सर्व म्हणजे ते.

मग धाकटा मुलगा हरिबा, त्याची बायको मोहिनी, थोरली सून मुक्ताबाई आणि दहावीतली दोन पोरं उसात उतरली. मुक्ताबाईची प्रियदर्शनी आणि मोहिनीचा अंगद. थोरला मुलगा कारखान्यावर वॉचमन होता, त्यामुळं तो ऊस फक्त आत जाताना बघायचा. प्रियदर्शनीला घरात दर्शनी म्हणत. पूर्ण नाव घेईस्तोवर म्हैस पान्हा चोरते, असं तिच्या आजीचं म्हणणं होतं.

पहिल्याच दिवशी दर्शनीच्या डाव्या अंगठ्यावर कोयता बसला. आजीनं, म्हणजे बायनाबाईनं, हळद दाबली, फडकं बांधलं आणि लग्नापर्यंत भरून येतंय म्हणून तिला परत फडात पाठवलं. पुढं दोन दिवसांनी अंगद ट्रॉलीवर उभा राहून मोळ्या रचत होता. एक मोळी घरंगळली, त्याचा पाय उसात अडकला. अंगद फिरला, गुडघा फिरला नाही.

माजलगावच्या डॉक्टरनं पाय धरून नडगी पुढं ओढून पाहिली. अंगद ओरडला. डॉक्टरला जे हवं होतं ते मिळालं. गुडघ्याच्या आतला एक बंध तुटलाय, पट्टा बांधा, पाय टेकवू नका, ऑपरेशनचं उन्हाळ्यात बघू. बायनाबाईनं गावात सांगितलं की लेकराच्या गुडघ्याची दोरी तुटली, आणि गाव लोटलं.

अंगदची बाज ओसरीवर घातली. त्यावर गादी, गादीवर चादर, पायाखाली दोन उशा, त्यातली एक दर्शनीची. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नसतं. कुणी बिस्किटं आणली, कुणी केळी, कुणी मोसंबी. शेजारच्या रुक्मिणीबाईंनी काही आणलं नाही, पण त्यांनी स्वतःचा गुडघा आणला होता. तो वाकवला की आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज त्यांनी अंगदला पुन्हा पुन्हा ऐकवला.

या सगळ्यांना पाणी द्यायचं काम दर्शनीचं. फडात अंगदचा वाटा ती तोडायची, अंगदची धारेची पाळी ती करायची, आणि घरी येऊन अंगदच्या पाहुण्यांना पाणी द्यायची. तिनं अंगठ्याचं फडकं मुद्दाम सोडून ठेवलं आणि अंगठा वर दिसेल असा पेला धरला. एक बाई वाकून बघायला लागल्या. दर्शनीला बरं वाटलं. बाई म्हणाल्या, "पोरी, पाण्यात बोट नको बुडवू."

अंगदशी तिची चुरस आधीपासूनच होती, आणि तिचं कारण अंगठ्याहून मोठं होतं. दहावीनंतर घरातलं एकच पोर लातूरला सायन्सला जाणार होतं. दोघांना धाडलं तर म्हशी कोण बघणार. एक दावणीला, एक लातूरला, हे सुंदररावांचं वाक्य. कोण कुठं, हे मार्कांवर ठरवायला त्यांचा मार्कांवर विश्वास नव्हता. माईकवर पुकारलेलं नाव तेवढं खरं. म्हणून त्यांनी सांगून ठेवलं होतं की तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जो शाळेकडून उभा राहील तो लातूरला. शाळेतून एकच प्रकल्प जायचा. तो दर्शनीचा ठरला होता, उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या खताचा. लातूर तिनं पाहिलेलं नव्हतं, पण मनातल्या मनात तिथं तिची खोलीसुद्धा ठरली होती, आणि त्या खोलीत म्हैस नव्हती.

त्यात हरिबाच्या दोस्तानं पायाचा विषय काढला. डॉक्टरला काय कळतंय, म्हणे. बकऱ्याचा पाया उकळून रोज वाटीभर पाजा, दोरी आपोआप जुळती. घर माळकरी. अंडंसुद्धा या घरात फक्त भूमितीच्या पुस्तकातून आलेलं. बायनाबाई सकाळभर गळ्यातली माळ हातात धरून बसल्या आणि मग त्यांनी निकाल दिला. औषधाला दोष नाही. पण चूल गोठ्यामागं, तीन दगडांची. भांडं घरात यायचं नाही. आणि जो शिजवील त्यानं अंघोळ करूनच उंबरा ओलांडायचा.

"दर्शनी करंल," मोहिनी म्हणाली. "तिचं शास्त्र हाय ना."

बाजारच्या दिवशी दर्शनी मुनव्वरभाईंच्या दुकानापुढं ओढणी नाकाला लावून उभी राहिली. मुनव्वरभाईंनी विचारलं, पुढचे देऊ का मागचे. तिला फरक माहीत नव्हता. पुढचे म्हणजे चांगले असणार म्हणून तिनं पुढचे सांगितले. कुणाचं मोडलं, असं त्यांनी विचारलं. भावाचा गुडघा म्हटल्यावर त्यांनी एक पाया वरून टाकला आणि त्याचं काही घेतलं नाही. अंगदला न बघितलेला माणूससुद्धा अंगदला काहीतरी देत होता.

गोठ्यामागं तो पाया तासन्‌तास रटरटायचा. दर्शनी चिपाडं सारत बसायची. सुरुवातीला तिला वासानं मळमळलं. तिसऱ्या दिवसापासून तोंडाला पाणी सुटायला लागलं, आणि त्याचा राग तिनं फुंकणीवर काढला.

"कसं लागतंय रे?" तिनं विचारलं.

"औषधावानी. लई कडू," अंगद म्हणाला आणि वाटी चाटून तिच्या हातात दिली.

हाडं उकिरड्यावर टाकायची होती. पण ती स्वच्छ, पांढरी निघायची, आणि दर्शनीला फेकवत नव्हती. तिनं ती राखेनं घासली, गोठ्याच्या भिंतीवर वाळत घातली. दोन लांब हाडं आणि मधे खड्यांसारखी बारकी, दोन ओळींत बसणारी. धार काढून झाली की ती एकाला एक लावत बसायची. त्या वेळी तिला कुणाचाच हेवा वाटायचा नाही. दिवसातला तेवढाच वेळ.

विज्ञानाचे डोईफोडे सर अंगदला बघायला बिस्किटं घेऊन आले. सर धर्मापुरीकडचे, तेही माळकरी. हात धुवायला मागं गेले आणि भिंतीवरची हाडं बघून तिथंच थांबले. पाणी बोटांवरून गळत राहिलं. एकदा त्यांनी बाजेवरच्या पायाकडं बघितलं, एकदा भिंतीकडं. स्वतःच्या दुखण्यातून विज्ञान, असं त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा प्रकल्पाचं नाव ठरलं होतं. अंगद उभा राहील, म्हणजे बसेल. मॉडेल दर्शनी करील.

दर्शनीनं पाचटाचं विचारलं.

"पाचट सगळ्यांच्या शेतात हाय, बाळ," सर मायेनं म्हणाले. "असा गुडघा कुणाकडं हाय?"

म्हणजे लातूरही आता अंगदचं झालं. तिचे दोन्ही गुडघे धडधाकट होते. त्या रात्री तिनं ते दाबून, मुरगाळून पाहिले. काही झालं नाही.

मॉडेल तिनंच केलं. सायकलच्या ट्यूबचे पट्टे कापून बंध लावले. जो तुटला तो लाल रंगवून मधून कापला. बारक्या हाडांचं काय करायचं हे सरांना कळेना, म्हणून ती 'गादी' म्हणून गुडघ्याच्या मधे चिकटव, असं ते तिला म्हणाले. खरी अडचण वाटीची निघाली. शाळेतल्या सांगाड्याच्या तक्त्यावर गुडघ्यापुढं वाटी होती, हाडांत ती कुठंच नव्हती. दर्शनीनं राख चाळली, चुलीखाली उकरलं. मग सगळ्यांनी हळूहळू अंगदकडं बघितलं.

अंगदनं शपथ घेतली की त्यानं रस्सा सोडून काही गिळलेलं नाही. मग जरा थांबून म्हणाला, एकदा कायतरी सरकल्यावानी झालं व्हतं. मोहिनीनं डोळ्याला पदर लावला. बकऱ्याची वाटी माळकऱ्याच्या पोटात गेली तर प्रायश्चित्त काय, हे बायनाबाईंना कुणाला विचारावं ते सुचेना. हरिबानं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं, पेशंट कोण आहे असं विचारलं, आणि फोन ठेवला. शेवटी सरांनी अर्धी सुपारी चिकटवायला सांगितली.

त्यानंतर एका सकाळी दर्शनी धारेला बसली होती आणि म्हैस उठली. म्हैस रोजच उठायची. आधी मागचं धूड वर, पुढं मात्र अजून टेकलेली, मग पुढचे पाय एकेक करून सरळ. दर्शनी चरवी हातात धरून बघत राहिली. म्हैस टेकली होती ते पुढच्या पायांच्या मधल्या सांध्यावर. तोच सांधा. पायाही तिनं पुढचाच आणला होता. तिनं चरवी बाजूला ठेवली आणि शेणात हात टेकून स्वतः चार पायांवर उभी राहिली. पुढचे पाय म्हणजे हात. छातीजवळ कोपर. त्याच्या खाली जो सांधा येतो तो...

तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. तक्त्यावर खड्यांसारखी हाडं दोन ओळींत कुठं होती ते तिला आठवलं. मग म्हशीच्या मागच्या पायात वर, पोटाला लागून, तिनं बोटांनी चाचपलं. तिथं गुडघा होता. वाटीसकट.

मुक्ताबाई चारा घेऊन आली तर पोरगी दावणीत चार पायांवर.

"काय हरवलं गं?"

"गुडघा," दर्शनी म्हणाली.

मुक्ताबाईनं चारा टाकला आणि गेली. दहावीचं वर्ष होतं, पोरं ताणात असतात असं तिनं ऐकलं होतं.

दर्शनी हे सांगायला निघाली होती. हात धुऊन ओसरीपर्यंत आलीसुद्धा. पण तेवढ्यात हरिबा ट्रॅक्टरवरून फ्लेक्स घेऊन आला, आणि तो वेशीत लावण्याआधी सगळ्यांनी बघावा म्हणून अंगणात उलगडला. वर अंगद, गॉगल घातलेला, मोसंबीच्या झाडाएवढा. 'तालुक्याचे भावी शास्त्रज्ञ.' खाली शुभेच्छुकांची रांग: सुंदरराव, हरिबा, गावातले सगळे ज्यांना फोटो द्यायला वेळ होता ते, आणि शेवटच्या कोपऱ्यात, आधार कार्डावरचा फोटो, दर्शनी. तिच्या डोळ्यांवरून फ्लेक्सचं भोक गेलं होतं, दोरी ओवायचं.

सगळे तिच्याकडं बघून हसत होते, म्हणजे आनंदानं. तुजाबी घातलाय बघ, असं हरिबानं दाखवलं.

"चहा ठिऊ का?" दर्शनीनं विचारलं आणि आत गेली.

प्रदर्शनापर्यंत ती काही बोलली नाही. अंगदचं पाठांतर घेतलं, तो चुकला की सुधारलं. मांडीचं हाड, नडगीचं हाड, गुडघ्याची वाटी. सगळं तोंडपाठ झालं त्याचं, सगळं चुकीच्या हाडांवर. तिला आतून ऊब वाटायची, थंडीत चुलीपुढं वाटते तशी. उसातही तिचा कोयता जरा जोरात चालला. हरिबा म्हणाला, पोरगी आता कामाला लागली बघा.

माजलगावच्या हायस्कुलात अख्खं घर आलं. बायनाबाई पहिल्यांदा शाळेत शिरल्या आणि चपला बाहेर काढून. टेबलाशेजारी खुर्चीवर अंगद, पट्टा बांधलेला पाय स्टुलावर, मागं दर्शनी, मदतनीस. आजूबाजूला ज्वालामुखी बरेच होते.

परीक्षक दोघं. एक रिटायर हेडमास्तर. अंगदनं ट्रॉलीवरून पडल्याचं सांगितलं तेव्हाच त्यांनी चष्मा पुसला. दुसऱ्या शाहीन मॅडम, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या. त्यांनी मॉडेल उचललं, फिरवलं, मधल्या खड्यांवरून अंगठा फिरवला. हाडं कुठली म्हणून विचारलं. अंगदनं पाया म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर घरी गेल्यासारखं काहीतरी आलं.

"आणि ही वाटी?"

"सुपारी हाय, मॅडम."

"खरी कुठंय?"

"बहुतेक माझ्या पोटात," अंगद म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

शेजारच्या ज्वालामुखीवाली पोरं हसली. मग पलीकडची हसली. अंगद कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं मागं वळून दर्शनीकडं बघितलं, बाजेवरून उठवायला हाक मारताना बघायचा तसं. शाहीन मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, बाळ, हा गुडघा नाहीये. काय आहे, कुणी सांगेल? डोईफोडे सरांनी छताकडं बघितलं. छतावर पंखा होता, बंद.

"मनगट," दर्शनी म्हणाली.

आणि मग तिला थांबता येईना. इस्त्रीचा ड्रेस घातलेली ती फरशीवर हात टेकून चार पायांवर उभी राहिली, भरल्या हॉलमध्ये, आजोबांच्या पुढं. ही म्हैस. हे कोपर, हे मनगट, ही दोन ओळींतली हाडं. आपण पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो तो गुडघाच नसतो. उठून तिनं अंगदच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. गुडघा हितं हाय. वाटी हितं हाय, कुणी गिळली न्हाई. तुटलंय ते आत, तिरपं जातंय, म्हणून नडगी पुढं सरकती. आता हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. हेडमास्तरांनी टाळी वाजवली. दर्शनीच्या तळहातांना फरशीची माती लागली होती आणि आयुष्यात एवढं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

"कधी कळलं तुला हे?" शाहीन मॅडमनी विचारलं.

"फ्लेक्स आला त्या दिवशी."

"त्याला पंधरवडा झाला," डोईफोडे सर म्हणाले. त्यांच्या तोंडून निसटलं ते.

"मग सांगितलं का नाहीस?"

दर्शनीनं ओढणी नीट केली. अंगद तिच्याकडं बघत होता, मोहिनी बघत होती. तिला बरीच उत्तरं येत होती. "मला कुणी इचारलं न्हाई," ती म्हणाली. मॅडमनी मॉडेल टेबलावर ठेवलं, हळू, मोडणार नाही असं, आणि त्या पुढच्या ज्वालामुखीकडं गेल्या.

शाळेला नंबर मिळाला नाही. सगळे जीपनं परत निघाले. अर्ध्या वाटेवर बायनाबाई म्हणाल्या, "म्हंजी इतके दिस लेकराला मनगटाचं औषध पाजलं व्हय?" त्यामुळंच उतार पडत नव्हता, हे त्यांना आता कळलं. मोहिनीनं दर्शनीकडं असं बघितलं की ती सीटच्या कडेला सरकली. मुक्ताबाई खिडकीबाहेर बघत राहिली, बाहेर नुसता ऊस होता.

घरी आल्यावर सुंदरराव ओसरीवर बसले आणि त्यांनी सगळ्यांना बसवलं. दर्शनी उभी राहिली. आता म्हशींचं दावं आपल्याच हातात येणार, हे तिनं जीपमध्येच धरून टाकलं होतं.

"पोरीनं फ्लेक्स बघितला, गप," सुंदरराव म्हणाले. "चहा केला, गप. पंधरा दिस त्याचं पाठांतर घेतलं, तरी गप. आन् सगळा तालुका ऐकाया बसल्यावर तोंड उघडलं." ते कौतुकानं मान हलवत होते. "मला हे जमलं असतं तर मी दुसऱ्या इलेक्शनला पडलो नसतो. हीच जाईल लातूरला. सर्वानुमते."

मोहिनी उठून आत गेली आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला, पडलेलं नव्हतं. हरिबा विडी शोधत राहिला. दर्शनीला वाटलं होतं की हे वाक्य ऐकल्यावर आपण रडू किंवा नाचू. तिला नुसतं कुणीतरी तिचा खिसा उलटा करून आतलं ओसरीवर मांडल्यासारखं झालं. शास्त्राचं कुणी काही बोललं नाही. ती शास्त्रामुळं जाणारच नव्हती.

सगळे पांगल्यावर ती अंगदच्या उशा नीट करायला वाकली. तो काही बोलेल, शिव्या देईल, म्हणून ती थोडी जास्त वेळ वाकून राहिली.

"लातूर मला नकोच व्हतं," अंगद म्हणाला. "मला पोलीस भरती करायची व्हती. मी रोज पहाटं कॅनॉलवर पळायचो. तुला म्हाईत न्हाई, तू धारंला बसलेली असायची."

"मंग मला बोलायचं की."

"काय बोलू? डॉक्टर म्हणला, ऑपरेशन झालं तरी पळायचं सांगता येत न्हाई." त्यानं पायावरची चादर नीट केली. "तू म्हशीकडं पळत जाती ना, उशीर झाला की. मी हितनं बघतो. मोसंबी, बिस्किटं, सगळं खात खात बघतो. लई राग येतो तुजा. तुजे दोन्ही गुडघे वाकत्यात गं. दोन्ही."

दर्शनीला आपल्या पायांचं काय करावं ते कळेना. ती बाजेच्या कडेला बसली, मग ते बरं दिसत नाही म्हणून उठली. मागं गोठ्यातून मुक्ताबाईनं हाक मारली, रेडकू सुटलंय, पीतंय सगळं. ती निघाली. अंगण ओलांडताना मुद्दाम हळू चालली, एकेक पाऊल टाकत, रुक्मिणीबाई चालतात तशी. मुक्ताबाईनं दुसरी हाक मारली, आता शिवी घालून. रेडकू आचळाला लुचत असल्याचा आवाज इथवर येत होता.

दर्शनी पळाली. तो बघत असणार हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं मागं वळून बघितलं नाही.